नवरा एकटाच एल्कच्या शिकारीला निघालाय

नमस्कार दादा,

आम्ही डेन्व्हरशेजारी अरोरात राहतो. नवरा मूळचा साताऱ्याचा, कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेला. अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सगळं करून झालंय. इथे आल्यावर त्याला शिकारीचं वेड लागलं. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, रायफल घेतली, शनिवारी रेंजवर जातो. आता त्याला दुसऱ्या रायफल हंगामाचा बुल एल्कचा (एल्क म्हणजे इथलं थोराड हरीण, बुल म्हणजे नर) परवाना मिळालाय. ऑक्टोबरअखेर फ्लॅट टॉप्सच्या डोंगरी पठारावर सहा मैल आत जाऊन पाच रात्री एकट्यानेच राहायचं म्हणतो. ऑफिसातला एक मित्र बरोबर जाणार होता, त्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं.

मी नको म्हटलं की "तुझा माझ्यावर विश्वासच नाही" असं होतं. हो म्हणावं तर त्या पाच रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. तिथे फोनला रेंज नाही, अस्वलं आहेत, माउंटन लायन आहेत. अडवू की जाऊ देऊ? आणि जाऊ दिलं तर मी घरी बसून नेमकं काय करायचं? शिवाय आम्ही एच-वन-बी वर आहोत. बंदुकीपायी पुढे काही झंझट तर होणार नाही ना? आणि दिवाळीला सासूबाई येतायत, त्या माळकरी. घरात ढीगभर मांस आलं तर काय करू? हा प्रश्न सगळ्यांत छोटा, पण आहे.

— घरी थांबणारी

---

ताई,

तुमच्या पत्रात अस्वल आहे, माउंटन लायन आहे, रेंज नसलेला फोन आहे. एल्क मात्र कुठेच नाही. मला काळजी वाटते ती त्या एल्कचीच, आणि तीही तो मेल्यानंतरची.

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नवऱ्याला अडवू नका, पण सहा मैलांना हो म्हणू नका. तो एकटा जातोय यावरून वाद घालत बसलात तर विश्वास-अविश्वासावर गाडी जाणार आणि तिथेच अडकणार. अंतरावरून घाला. अंतराचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि इंजिनियर नवऱ्याला कागदावरचं पटतं. (तो इंजिनियर आहे असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. मी धरून चाललोय.)

पूर्ण वाढलेला बुल एल्क सव्वातीनशे किलोंच्या आसपास भरतो. लहान चणीचा बैलच म्हणा. तो पडला की त्याला ओढून सोयीच्या जागी नेणं एका माणसाला शक्य नसतं. उतारावर पडो, नाहीतर आडव्या पडलेल्या झाडांच्या जंजाळात, तिथेच त्याला सोलायचं, कापायचं आणि थोडं थोडं करून पाठीवरून बाहेर काढायचं. "जमेल तेवढं आणलं, बाकी सोडलं" हे चालत नाही. चारही पायांचं मांस, पाठीवरच्या दोन्ही लांब पट्ट्या ज्यांना बॅकस्ट्रॅप म्हणतात त्या, आणि आतले टेंडरलॉइन, एवढं तरी आणलंच पाहिजे असा कोलोरॅडोचा कायदा आहे.

आता हिशेब. हाडं तिथेच काढून टाकली तरी बुलचं ऐंशी-नव्वद किलो मांस निघतं. दहा हजार फुटांवर, वाट नसलेल्या रानात, पंचवीस किलोंच्या वर ओझं घेऊन दिवसभर चालणारा माणूस मी फार पाहिला नाही. म्हणजे मांसाच्या चार खेपा, आणि तंबू, स्लीपिंग बॅग, मुंडकं मिळून पाचवी. पाच वेळा ओझं घेऊन बाहेर यायचं आणि मधे चार वेळा रिकाम्या पाठीने परत आत जायचं, म्हणजे नऊ फेऱ्या. सहा मैलांवर एल्क पडला तर नऊ गुणिले सहा, चोपन्न मैल. त्यातले तीस मैल पाठीवर ओझं असताना. तेही पाच दिवसांची तंगडतोड आणि अर्धवट झोप झाल्यावर. हेच अंतर दोन मैल असेल तर सगळं मिळून अठरा मैल होतात. तरीही कंबर मोडते, पण दोन दिवसांत उरकतं.

हा गुणाकार त्याच्यासमोर करा. कुठल्याही अस्वलापेक्षा तो जास्त बोलतो.

तो लगेच म्हणेल, "पण एल्क रस्त्यापासून लांब असतात." बरोबर आहे. पहिला रायफल हंगाम होऊन गेलेला असतो, बंदुकांचे आवाज ऐकून कळप शहाणे झालेले असतात आणि उत्तरेकडच्या उतारावरच्या गर्द झाडीत जाऊन बसतात. पण लांब म्हणजे सरळ वाटेने सहा मैल असं कुठे आहे? रस्त्यापासून दीड मैलावरची, पण मधे एक खोल घळ उतरून पुन्हा चढावी लागते म्हणून सगळ्यांनी टाळलेली झाडी, हीसुद्धा एल्कच्या दृष्टीने लांबच. बाकीचे शिकारी वाटेवाटेने जातात. घोड्यांवरून गेलेले तर सहा मैलांवरच डेरा टाकतात, म्हणजे तुमचा नवरा घाम गाळून जिथे पोचेल तिथे त्याच्या आधी घोडे पोचलेले असतील. दुसरं म्हणजे बर्फ. ऑक्टोबरअखेर चांगला बर्फ पडला की एल्क पठारावरून खाली सरकायला लागतात. फ्लॅट टॉप्सचा पश्चिमेकडचा भाग हा व्हाइट रिव्हर कळपाचा मुलूख. जगातला सर्वांत मोठा एल्क कळप म्हणून याचं नाव घेतात. इथे जनावरांचा तुटवडा नाही. त्याला सांगा, नकाशावर आधी परतीची वाट काढ, मग एल्क शोध. ओझ्यासकट येताना उतार लागेल अशी जागा निवड. जाताना चढ आणि येताना उतार असं दीड-दोन मैलांच्या आत जमवता येतं. रिकाम्या पाठीने चढणं आणि भरल्या पाठीने चढणं यात फार फरक आहे.

सह्याद्रीचा अनुभव कामाला येतो, पण कुठे येतो आणि कुठे नाही हे नीट बघायला हवं. कड्याच्या कडेने चालायची सवय, अंधारात वाट काढणं, पाण्याचा अंदाज, हे सगळं येतं. पण कुलंगवरून उतरलं की वाडी लागते. मामांच्या घरी पिठलं-भाकरी मिळते. पाय मोडला तर झोळी करून आणायला चार पोरं धावत येतात. इथे खाली उतरल्यावर लागते ती मोकळी पार्किंगची जागा. आणि उंची. तुम्ही अरोरात राहता म्हणजे कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर भाजी निवडता. फ्लॅट टॉप्समधल्या ट्रॅपर्स लेक या तळ्याशी गाडी लावाल तिथेच साडेनऊ हजार फूट होतात आणि पठार त्याच्याही वर. पहिली रात्र गाडीजवळ काढायला सांगा. डोकं दुखलं, भूक मेली तर दुसऱ्या दिवशी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा खोकला सुरू झाला तर शिकार सोडून खाली. यात घासाघीस नाही.

आता ज्या गोष्टीने मी एकट्या शिकाऱ्यांना सर्वांत जास्त सतावतो ती. सुरी.

एकटा माणूस एल्क कसा फोडतो, हे तुम्ही एकदा डोळ्यांसमोर आणा. पोट न फाडता फोडायची पद्धत आहे. जनावर एका कुशीवर असतं. वरच्या बाजूचं कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोलत यायचं, पुढचा पाय सोडवायचा (त्याला सांधा नसतो, तो नुसत्या मांसाने धरलेला असतो, म्हणून सहज सुटतो), मग मागचा पाय, बॅकस्ट्रॅप, मानेचं मांस, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून टेंडरलॉइन. मग जनावर पालथं घालून दुसऱ्या कुशीवर तेच. गडबड होते ती मागच्या पायापाशी. तो पाय पंचवीस-तीस किलोंचा. दोघं असले तर एक जण पाय वर उचलून धरतो आणि दुसरा खुब्याच्या सांध्याभोवती कापतो. एकटा माणूस काय करतो? पाय खांद्यावर घेतो, डाव्या हाताने ढकलतो आणि उजव्या हाताने, न दिसणाऱ्या सांध्याकडे, स्वतःच्याच मांडीच्या दिशेने सुरी चालवतो. हात चरबीने निसरडे, बोटं गारठलेली, सुरीचं पातं बदलता येणारं, म्हणजे दवाखान्यातल्या स्काल्पेलसारखं धारदार. मांडीच्या आतून जाणारी मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर काही मिनिटांचा खेळ असतो.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. बोटाएवढी जाड, तीस-चाळीस फूट दोरी. मागचा पाय दोरीने झाडाला वर ताणून बांधायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ओढायचं असेल तेव्हा सुरी खाली ठेवायची, कापायचं असेल तेव्हा ओढायचं नाही. आणि टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, सॅकच्या तळाशी नाही तर पँटच्या खिशात, एका हाताने लावायचा सराव करून. तुम्ही एवढंच करा. निघायच्या आदल्या दिवशी त्याला दिवाणखान्यात उभा करा, डोळे मिटायला सांगा आणि डाव्या हाताने उजव्या मांडीवर तो पट्टा लावून दाखवायला सांगा. नाही जमलं तर जमेपर्यंत.

संध्याकाळच्या गोळीचंही बोलून घ्या. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडायला परवानगी असते आणि एल्क नेमके शेवटच्या उजेडात झाडीबाहेर येतात. तिथल्या बहुतेक भागांत बुलच्या एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळालगतचं टोक पाच इंचांचं हवं, तरच तो मारता येतो. अंधूक उजेडात टोकं मोजायची, गोळी झाडायची, मग जखमी जनावराच्या मागावर बॅटरीच्या उजेडात जायचं आणि रात्री दोनपर्यंत एकट्याने सुरी चालवायची. माझं मत विचाराल तर एकट्या माणसाने पहिल्या वर्षी सूर्य मावळल्यावर गोळी झाडूच नये. कायदा देतो तो अर्धा तास त्याने सोडून द्यावा. सकाळी मारला तर अख्खा दिवस हातात असतो.

आणि मारलाच, तर रात्री ओझी वाहायची घाई कशाला? ऑक्टोबरअखेर तिथे रात्री पाणी गोठतं. कातडं काढलेलं, जाळीदार सुती पिशवीत घातलेलं मांस सावलीत, वारा लागेल असं टांगलं की दोन-तीन दिवस सहज टिकतं. खराब होतं ते कातड्यात गुंडाळून तसंच ठेवलेलं मांस. जाड मागच्या पायात, खुब्याच्या हाडाजवळ, ऊब अडकून राहते आणि आतून वास मारायला लागतो. म्हणून पहिले तीन-चार तास फोडण्यावर घालवायचे, वाहण्यावर नाही. मग जेवायचं, झोपायचं.

इथे तुमचा तो अंग काढून घेतलेला मित्र कामाला येतो. त्याने शिकारीला यायला नकार दिला, ओझं वाहायला दिलाय का? मांस वाहून नेऊ लागायला शिकारीचा परवाना लागत नाही. मराठी मंडळाच्या ट्रेकवाल्यांत असे दोघं-तिघं नक्की सापडतील ज्यांना बंदुकीशी घेणंदेणं नाही, पण डोंगर आवडतो. त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवायचं. अमुक ते अमुक तारखेत निरोप आला तर शुक्रवारी रात्री निघायचं, ट्रॅपर्स लेकला भेटायचं. तिघं आले तर वरचा सगळा गुणाकार कोसळतो. सगळं मांस एका खेपेत बाहेर. शिकाऱ्याला छाती-पाठ झाकेल एवढा पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर तशीच टोपी सक्तीची आहे. या मदतनिसांनीही घालावी, कारण जंगलात त्या आठवड्यात बंदुका बऱ्याच असतात. हे नाहीच जमलं तर त्या भागात घोडे-खेचरांवरून मांस काढून देणारे परवानाधारक व्यावसायिक असतात. निघायच्या आधी त्यांच्याशी बोलून भाव विचारून ठेवायचा. एल्क पडल्यावर फोन करून विचारलं तर घोडा दुसऱ्याकडे गेलेला असतो.

आता तुमचं काम. घरी थांबणाऱ्याचं काम रडणं-जागणं नाही, बरं का. तुम्ही कंट्रोल रूम आहात.

त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या. गाडी कुठे लावणार (अक्षांश-रेखांशासकट), गाडीचा नंबर-रंग, मुक्काम कुठे, रोज कुठल्या घळीत किंवा धारेवर जाणार, ती जागा गर्दीने भरलेली निघाली तर दुसरी कुठली. तंबूचा रंग, जॅकेटचा रंग, औषधं. आणि त्याच्या बुटाच्या तळव्याचा फोटो. हसू नका, शोधपथक पहिल्यांदा तोच मागतं, कारण बर्फातले कोणते ठसे त्याचे हे त्यावरून कळतं. या कागदावर तारीख आणि वेळ घातलेली एक शेवटची ओळ हवी: "या वेळेपर्यंत माझा निरोप आला नाही तर शेरीफला फोन कर." ही ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहायची. म्हणजे तुम्ही फोन केलात तर "उगाच घाबरलीस" असं म्हणायची सोय त्याला राहत नाही.

कोलोरॅडोत शोध आणि सुटकेची जबाबदारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफची. फ्लॅट टॉप्स एकाच काउंटीत नाही. रिओ ब्लँको आहे, गारफिल्ड आहे, पुढे आणखी. तेव्हा गाडी ज्या काउंटीत लावली जाईल तिथल्या शेरीफच्या डिस्पॅचचा, म्हणजे फोन घेणाऱ्या कक्षाचा, साधा दहा आकडी नंबर लिहून फ्रिजवर लावा. अरोरातून ९११ फिरवलंत तर फोन अरोराच्या लोकांना लागेल. डोंगरात जाणारी पथकं स्वयंसेवकांची असतात आणि सुटकेचं बिल लावत नाहीत. त्यांच्या निधीत त्याच्या परवान्याच्या पैशांतूनही चिमूटभर पैसे गेलेले असतात. वैद्यकीय हेलिकॉप्टर आलं तर त्याचं बिल मात्र येऊ शकतं, तेवढा विमा बघून ठेवा.

फोनला रेंज नसते, पण उपग्रहावरून निरोप पाठवणारं गार्मिन इनरीचसारखं यंत्र मिळतं. ते घेतल्याशिवाय त्याला सोडू नका, भाड्याने मिळालं तरी चालेल. नुसत्या आयफोनच्या सॅटेलाइट सोयीवर विसंबू नका. थंडीत फोनची बॅटरी धडाधड उतरते आणि नकाशाही त्याच फोनवर असतो. रोज संध्याकाळी सातला एक ठरलेला निरोप: "ठीक आहे, मुक्कामावर." एक निरोप चुकला म्हणजे संकट नव्हे. दाट झाडीतून, खोल घळीतून कधी कधी जात नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत थांबायचं. तेव्हाही काही नाही आणि नकाशावरचा त्याचा ठिपकाही हललेला नाही, तर फोन. ही वेळ दोघांनी मिळून ठरवा. मग संध्याकाळी साडेसातला तुम्हाला स्वतःशी झगडायला नको. तो एल्क फोडत असेल तर "पडला. सहा तास काम. ठीक." एवढा निरोप त्याने कापायच्या आधी पाठवायचा, नंतर नाही.

अस्वलांचं सांगतो, पण तुम्हाला वाटतं तेवढं मोठं प्रकरण नाही. कोलोरॅडोत आता आहेत ती काळी अस्वलं. ग्रिझली, म्हणजे त्याहून मोठं तपकिरी अस्वल, इथे शेवटचं मारलं गेलं १९७९ साली, सान हुआन डोंगरांत. (नवरा पुढे-मागे मोंटाना किंवा वायव्य वायोमिंगचं नाव काढेल तेव्हा मात्र मला पुन्हा पत्र लिहा. ग्रिझलीच्या मुलखात मेलेल्या एल्कशेजारी एकट्याने वाकून बसणं ही वेगळीच गोष्ट आहे.) काळं अस्वल हिवाळ्याच्या झोपेआधी दिवसरात्र खात सुटलेलं असतं, त्याला रक्ताचा वास लागतो. म्हणून मांस सांगाड्यापासून शंभरेक पावलं दूर, झाडावर उंच, आणि लांबून दिसेल अशा जागी टांगायचं. दुसऱ्या खेपेला येताना बोलत, आवाज करत यायचं, लांबून दुर्बिणीने बघायचं. कावळे-मॅगपाय निवांत बसलेले असतील तर ठीक. जागा सुनसान वाटली आणि पिशवी ओढलेली दिसली तर थांबायचं. अस्वलाने मांसावर हक्क सांगितला तर मांस त्याचं. माउंटन लायन तुमच्या नवऱ्याला बघेल, तो त्याला बघणार नाही, आणि प्रकरण तिथेच संपेल.

खरी भीती घामाची. चढताना अंग भिजतं, मग तासभर झाडाला टेकून बसलं की तेच गारठवतं. सुती काही घालायचं नाही, चढताना जॅकेट काढून सॅकवर टाकायचं, कोरडा बनियन प्लास्टिकच्या पिशवीत. बोलताना जीभ जड व्हायला लागली, काडी पेटवता येईना, तर ताबडतोब स्लीपिंग बॅगेत आणि गरम गोड काहीतरी. एकट्या माणसाला हे सांगणारं दुसरं कोणी नसतं, म्हणून ते त्याला आधीच माहीत हवं. आणि जोराचा बर्फ सुरू झाला तर "बघू थांबतो का" नाही. वाटेवरचा बर्फ माणूस तुडवतो, पण ट्रॅपर्स लेकच्या रस्त्यावरून गाडी काढायची असते. बर्फात चाकांना लावायच्या चेन्स गाडीत हव्यात.

परतीच्या गाडीचंही बोलून ठेवा. तिथून अरोरा चार-पाच तास. दमलेला माणूस रात्री हायवेवर, रस्त्यावर हरणं. या अख्ख्या प्रवासात मला सुरीखालोखाल भीती त्याची. रात्र झाली तर गाडीत झोपून सकाळी यायचं.

एच-वन-बीचं उत्तर. एच-वन-बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. तिला मोजके अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना जवळ असणं. तुमचा नवरा त्या अपवादात बसतो, पण परवान्याची मुदत असेपर्यंतच. हंगाम संपला, परवाना संपला आणि रायफल कपाटात तशीच राहिली, तर तो ताबाच धरला जातो. मुदत संपायच्या आत पुढची सोय करायची. दुसरं, तुमच्याकडे स्वतःचा परवाना नाही, तेव्हा बंदुकीच्या कपाटाची चावी तुमच्याकडे नको, त्याच्याकडेच. आणि कोलोरॅडोत गांजाची दुकानं उघडी असली तरी फेडरल कायद्याने तो सेवन करणाऱ्याला बंदूक चालत नाही. तुमच्या घरी हा प्रश्न नसेलच, पण पार्टीतल्या मित्रांना सांगा. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना यातली एक चूकही महाग पडते, म्हणून एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवून घ्या. त्या अर्ध्या तासाचे पैसे रायफलच्या किमतीत धरा.

राहिल्या सासूबाई. पहिली गोष्ट, मांस येईलच असं नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या रानांत दहातले आठ तरी शिकारी रिकाम्या हातांनी परत येतात, आणि एकट्या नवशिक्याचं तर विचारूच नका. बहुधा तो दाढी वाढवून, पाय सुजवून, "काय आवाज होता त्या बुलचा" असं सांगत येईल आणि तुमची दिवाळी निर्विघ्न पार पडेल. पण आलंच, तर गॅरेजमध्ये वेगळा चेस्ट फ्रीझर, वेगळा कुकर, वेगळा विळा-सुरा, आणि सासूबाई आहेत तोवर घरात शिजवायचं नाही. त्या येण्याआधीच त्यांच्या मुलाने त्यांना फोनवर स्पष्ट सांगावं. हे काम तुमच्या गळ्यात नको. माळकरी माणसाला गॅरेजातलं मांस चालतं की नाही हे त्या ठरवतील. लपवलेलं मात्र कोणालाच चालत नाही.

शिजवायचं म्हणाल तर एल्कला चरबी जवळजवळ नसते. बोकडाच्या मटणासारखं तेलावर रटरटत ठेवलंत तर चामडं होईल. पायाचं मांस कुकरला, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात तेल थोडं सढळ. बॅकस्ट्रॅप मात्र कुकरला लावू नका, तव्यावर दोन्ही बाजूंनी झटपट.

पण त्याआधी एक काम. इथल्या हरणवर्गात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे. तो पहिल्यांदा दिसला तोही इथेच, फोर्ट कॉलिन्सजवळच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत, १९६७ साली. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला आहे, आणि कितीही शिट्ट्या काढल्या तरी त्याचं मूळ असलेलं प्रथिन मरत नाही. तपासणीसाठी मुंडकं वन्यजीव खात्याच्या केंद्रावर द्यावं लागतं. पाचव्या खेपेत मी मुंडकं धरलं ते त्यासाठी, भिंतीवर शिंगं लावायला नव्हे. पाकिटांवर तारीख घालून सगळं गोठवून ठेवा आणि अहवाल येईपर्यंत त्यातलं एकही उघडू नका. नवरा कितीही लाडीगोडी लावो.